चौथ्यांदा विचारणाऱ्या बाई

आधी माझा मूर्खपणा सांगून टाकते, म्हणजे पुढचं लिहायला हात मोकळा होईल. सासूबाईंच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर उरलेले थेंब मी माझ्या धाकट्या जावेच्या डोळ्यात घातले. एकदा नव्हे, अकरा दिवस, सकाळ-दुपार-संध्याकाळ, देवापुढं दिवा लावावा तशा भक्तीनं. तिच्या डोळ्यात डाळिंबाचा काटा गेला होता. आणि डॉक्टरांनी विचारलं तेव्हा तोंड वर करून सांगितलं, "काय न्हाय घातलं."

तेव्हा मी अठ्ठेचाळीस वर्षांची होते. डोक्यावर पदर आणि डोक्यात हवा. कळंबजवळच्या आमच्या वस्तीवर कुणाचं पोट दुखो, कुणाचा कान वाहो, माणूस आधी माझ्याकडं यायचं. फ्रिजच्या दारात, अंडी ठेवायच्या खणात माझा दवाखाना थाटलेला. अर्ध्या संपलेल्या बाटल्या, कुणाकुणाच्या उरलेल्या गोळ्या, नाव पुसलेली एक मलमाची ट्यूब. ती कशाची हे मलाही ठाऊक नव्हतं, पण देताना चेहरा असा करायचे की घेणाऱ्याचं निम्मं दुखणं तिथंच पळावं. हे ऐकून नातवंडं विचारतात, "आज्जी, तुला कुणी पकडलं कसं नाही?"

पकडलं की. एका बाईनं पकडलं. तिच्याबद्दलच लिहायला बसले आहे.

सबनीस डॉक्टरीणबाई. बारामतीत त्यांचा डोळ्यांचा दवाखाना, आणि दर मंगळवारी त्या इंदापुरात दोन खोल्यांत येऊन बसायच्या. उंची इतकी कमी की स्टुलावर बसल्या की पाय लोंबकळायचे, म्हणून खाली लाकडी पाट ठेवलेला असायचा. डोळ्यांच्या डॉक्टर असून स्वतःचा चष्मा बाटलीच्या बुडासारखा. आवाज असा की इंदापूरच्या बाजारात लिलावाला उभं केलं असतं तर सौदा पहिल्या बोलीतच पटला असता. बाईंना हसताना मी दोनदाच पाहिलं. दोन्ही वेळचं सांगणार आहे.

त्यांच्या दोन खोडी सगळ्या पंचक्रोशीला माहीत. पहिली पिशवीची. नमस्कार नाही, चमत्कार नाही. पेशंट खुर्चीत टेकायच्या आत हुकूम सुटायचा, "पिशवी उलटी करा." मग टेबलावर भाकरीचं फडकं, तंबाखूची पुडी, आधार कार्ड, विड्याची पानं, आणि त्या सगळ्यात कुठंतरी थेंबांची एक बाटली. ती बाटली बाई उचलायच्या, मार्करनं तिच्यावर गावाचं नाव लिहायच्या आणि टेबलाखालच्या तेलाच्या रिकाम्या डब्यात टाकायच्या. ठण्ण. त्या ठण्ण आवाजाला बाहेर बाकावर बसलेली माणसं आपापल्या पिशव्या चाचपायला लागायची.

दुसरी खोड म्हणजे प्रत्येक प्रश्न चारदा विचारायचा. आम्ही समजत होतो, बाईंना कमी ऐकू येतं. एकदा सासूबाईंना दाखवायला नेलं होतं, तेव्हा आमच्यापुढं सुप्याकडचे एक आबा नंबरला होते. सगळं आयुष्य मेंढरांमागं गेलेलं, दोन्ही डोळे लालभडक.

"डोळ्यात काय घातलं?" बाई.

"काय न्हाय."

"काय घातलं?"

"गार पाणी मारलं. ती का घालणं झालं?"

"काय घातलं, आबा?"

"मध. जरासा. बोटावर."

मी मनात म्हटलं, मिळालं की उत्तर. पण बाई त्याच सुरात, त्याच वेगानं परत, "काय घातलं?"

आबा आमच्याकडं वळले. "बाईला ऐकाया येत न्हाय का काय!" आणि मग शिवारापलीकडच्या माणसाला हाक मारावी तसं ओरडले, "शेळीचं दूध! शेळीचं दूध घातलंया! आता गावात दवंडी द्या!"

बाईंनी मुकाट्यानं कागदावर लिहून घेतलं. बाहेरच्या बाकावर हसू मावेना. मीही हसले. मला तर हसायचा हक्क सगळ्यात कमी होता.

आता त्या काट्याचं. बागेत छाटणी चालली होती. माझी धाकटी जाऊ सिंधू फांदी वाकवून धरत होती आणि मी कातरी चालवत होते. सिंधू म्हणजे बोलायला कमी, हसायला जास्त. एक फांदी हातातून सुटली आणि सपकन तिच्या उजव्या डोळ्यावर गेली. त्यात माझी चूक नव्हती. डाळिंबाचं झाड असंच असतं, फळ देताना बोचकारतं आणि फळ नसताना तर जास्तच. माझी चूक घरी गेल्यावर सुरू होते.

डोळा लाल झालेला, पाणी वाहत होतं. बुबुळावर टाचणीच्या टोकाएवढा ठिपका. काटा आत राहिलेला दिसत नव्हता. मी फ्रिज उघडला. सासूबाईंची बाटली समोरच होती. म्हाताऱ्या डोळ्याला चालली, तर तरण्या डोळ्याला दुप्पट चालेल, हे माझं शास्त्र.

आणि चालली की! चौथ्या दिवशी लाली पार गेली. मी काय करावं? सिंधूचा डोळा सगळ्या वस्तीला दाखवून आणला. "सिंधे, उघड डोळा, बघू दे काकूंना." काकू म्हणायच्या, "तुझ्या हाताला यश हाय बाई." आणि मी पदर सावरत म्हणायची, "काय न्हाय हो, अनुभव." आज ते आठवलं की त्या अठ्ठेचाळीस वर्षांच्या बाईला धरून तिच्याच फ्रिजमध्ये कोंडावंसं वाटतं.

नवव्या दिवशी सिंधू चुलीपाशी बसून म्हणाली, "आक्का, ह्या डोळ्यानं समदं धुक्यात गेल्यावानी दिसतंय." मी उजेडात नेऊन बघितलं. डोळ्याच्या काळ्या बाहुलीत, अगदी आत, ज्वारीच्या कणीएवढं पांढरं काहीतरी बसलं होतं.

एसटीनं बारामती गाठली. बाटली मी मुद्दाम बरोबर घेतली होती. खोटं कशाला बोलू, लाली घालवणारी बाटली बघून बाईसुद्धा कौतुक करतील असं वाटलं होतं. पण आमच्या आधीच्या माणसाच्या पिशवीतून बाटली निघाली, आणि बाईंनी त्याचा जो उद्धार केला तो सगळ्या दवाखान्यानं ऐकला. त्यात बाकावर आमच्याच वस्तीवरच्या दोघी बसलेल्या. मी बाटली पिशवीतून काढून कनवटीला खोवली. पिशवी उलटी केली तेव्हा टेबलावर भाकरी, चटणी, फणी आणि एसटीची तिकिटं पडली. बाटली माझ्या पोटाला टोचत होती.

बाईंनी सिंधूची हनुवटी यंत्रावर टेकवली, दिवा लावला आणि बराच वेळ पाहिलं.

"काट्यानं भिंगाला भोक पाडलंय. पण आत जे पांढरं आहे, ते मला नुसत्या मोतीबिंदूसारखं दिसत नाही. आणि हा डोळा इतका शांत कसा? काटा गेलेला डोळा असा गप्प राहत नाही." मग माझ्याकडं वळून, "काय घातलं?"

"काय न्हाय."

"घरातले कुठले थेंब?"

"न्हाय वो बाई. आमी आडाणी हाय का?"

बाईंनी माझ्यावरची नजर काढली आणि सिंधूकडं लावली. "तू सांग. डोळा तुझा आहे. काय घातलं?"

सिंधूनं माझ्याकडं पाहिलं. एका डोळ्यानं स्वच्छ आणि एका डोळ्यानं धुक्यातून. मग म्हणाली, "न्हाय. काय न्हाय घातलं."

"ठीक." बाईंनी चिठ्ठी लिहिली. "हे थेंब तासातासाला. परवा या. दुखायला लागलं तर परवाची वाट बघायची नाही, तडक या."

घरी आलो. बाईंचे थेंब सुरू केले. आणि हे लिहिताना आजही स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते, पण जोडीला सासूबाईंचेही दोन थेंब टाकले. म्हटलं, एवढा गुण आलेलं औषध मधेच कशाला सोडा?

दुसऱ्या दिवशी दुखायला लागलं. सिंधू भिंतीला डोकं टेकून बसली. "उतरंल," मी म्हटलं. "बाईनी परवा बोलावलंय." परवाची सकाळ उजाडली तेव्हा पापणी सुजून बंद झाली होती. उघडून बघितली तर बुबुळाच्या खालच्या कडेला पांढऱ्या पाण्याची रेघ साचलेली, वाटीच्या तळाला दुधाचा साका राहावा तशी.

या खेपेला बाईंनी पिशवी उलटी करायला सांगायच्या आत मी कनवटीतून बाटली काढून टेबलावर ठेवली. शिव्या खायची तयारी होती. मान खाली घालून उभी राहिले. पण शिव्या आल्याच नाहीत. बाईंनी बाटली उचलली, लेबल वाचलं आणि ती सरळ उभी ठेवली. डब्यात टाकली नाही. ठण्ण आवाज झाला नाही. तो झाला असता तर बरं वाटलं असतं.

"किती दिवस?"

"अकरा."

"लाली म्हणजे डोळ्याची बोंब असते. हे औषध ती बोंब बंद करतं. सासूबाईंच्या डोळ्यात चोर नव्हता, नुसती सूज होती, म्हणून त्यांना दिलं. हिच्या डोळ्यात चोर शिरला होता, आणि तुम्ही बोंब मारणाऱ्याचंच तोंड दाबलंत."

मी रडायला लागले. "आता दुसरं चांगलं औषध टाका की बाई."

बाईंनी कॅलेंडरचा मागचा कोरा कागद ओढला आणि एक गोल काढला. त्यात एक छोटा गोल. "हे भिंग. चहूबाजूंनी बंद पिशवी. तिथे रक्त जात नाही, म्हणून गोळीही पोचत नाही आणि थेंबही नीट पोचत नाहीत. काटा भोक पाडून गेला, जाताना घाण आत सोडून गेला, भोक बुजलं. आता आत पू झालाय. तुमची कसली बाग आहे?"

"डाळिंबाची."

"बाहेरून लाल आणि फोडलं की आत काळं, असं फळ निघतं ना?"

"निघतं."

"त्यावर वरून फवारणी करून काय होतं?"

"काय सुदिक होत न्हाय."

"मग काय करता?"

मला उत्तर ठाऊक होतं. सिंधूच खुर्चीतून म्हणाली, "फळच काढावं लागतंया."

"तेच करणार आहे. भिंग काढणार, आतला पू तपासायला पाठवणार आणि डोळ्याच्या आत औषधाची सुई देणार. मागच्या पडद्यापर्यंत गेलं नसेल तर थोडी नजर राहील. गेलं असेल तर डोळाच काढायची पाळी येईल. आज काही सांगत नाही."

ऑपरेशनला नेताना बाईंनी सिंधूला दारात थांबवलं. "परवा तू का नाही बोललीस?"

सिंधू म्हणाली, "थोरली जाऊ हाय वो. तिनं न्हाय म्हणल्यावर मी व्हय कशी म्हणू?"

बाईंनी चष्मा काढला आणि अंगातल्या डगल्याच्या टोकानं पुसायला लागल्या. काचा स्वच्छ झाल्या तरी पुसतच राहिल्या.

भिंग काढलं. पू तपासायला गेला. रिपोर्टाला दिवस लागणार होते, कारण बाईंना संशय बुरशीचा होता, आणि बुरशी प्रयोगशाळेतही सावकाश उगवते. बाईंनी रिपोर्टाची वाट न बघता बुरशीचं औषध सुरू केलं. असल्या थेंबांखाली बुरशी गुपचूप वाढते, म्हणून मी दिलेल्या बाटलीमुळंच त्यांना तो संशय पक्का करता आला, हे सिस्टरनं मला सांगितलं. म्हणजे ती बाटली दोन दिवस आधी टेबलावर आली असती तर दोन दिवस आधीच. हे सिस्टर बोलल्या नाहीत. ते मला माझं समजलं.

तासातासाला दोन तऱ्हेचे थेंब टाकायचे होते, मधे पाच मिनिटं थांबून. मला वाटलं, आता मला खाटेजवळही फिरकू देणार नाहीत. बाईंनी दोन्ही बाटल्या माझ्याच हातात दिल्या. "तुम्हीच टाकायचे. हौस आहे ना? टाका."

टाकले. हात धुऊन, घड्याळ बघून, पापणी खाली ओढून. सिंधूला आणखी एकदा डोळ्यात सुई घ्यावी लागली, तेव्हा तिनं माझं मनगट धरलं होतं. नखं रुतली. मी हात तसाच राहू दिला. आठवड्यानं रिपोर्ट आला. बुरशीच होती.

पट्टी कायमची सुटली त्या दिवशी बाईंनी सिंधूचा चांगला डोळा झाकला आणि स्वतःची बोटं वर धरली. "किती?"

सिंधू म्हणाली, "बोटं हायेत एवढं दिसतंय. किती ती तुमीच सांगा, तुमचीच हायेत."

तेव्हा बाई पहिल्यांदा हसल्या. खोखो, चष्मा नाकावरून घसरेपर्यंत. त्या हसण्यानं मला कळलं की डोळा वाचला. पुढं काही महिन्यांनी त्यांनी त्यात नवं भिंगही बसवलं, पण मागच्या पडद्याचं जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. त्या डोळ्यानं सिंधूला माणूस आलंय एवढं कळतं, कोण आलंय ते कळत नाही. तिच्या नवऱ्यानं, म्हणजे माझ्या दिरानं, बाईंना विचारलं, "असं कसं झालं?" बाई म्हणाल्या, "उशीर झाला." एवढंच. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

बघितलं असतं तर फिटंफाट झाली असती. आता ती कधीच होणार नाही. एका डोळ्यावर चालणाऱ्या माणसाला अंतर नीट कळत नाही. सिंधू चहा ओतते तो कपाच्या बाजूला पडतो. मग ती हसते, फडकं घेते, पुसते. गेली अठरा वर्षं आमच्या घरी चहा असाच ओतला जातो, आणि मी तो असाच बघत बसते.

मी सुधारले म्हणावं तर तसंही नाही. सुधारले मी एकटीच, आणि त्याचाच ताप जास्त. त्याच वर्षी बाईंनी आमच्या वस्तीवर तपासणी ठेवली. सगळ्या बायकांना सांगितलं, घरातले थेंब घेऊन या. पाटीभर बाटल्या जमल्या. त्यातली एक तर सहा घरं फिरून आलेली. बाई त्या पाटीसमोर उभ्या राहून म्हणाल्या, "विहीर सामाईक असते, बांध सामाईक असतो. थेंब सामाईक नसतात गं बायांनो." सगळ्या "व्हय, व्हय" म्हणाल्या. पुढच्या महिन्यात फ्रिजच्या खणात परत बाटल्या.

छाटणीसाठी मी इंदापुरातून पांढऱ्या काचेचे डझनभर गॉगल आणले. बाया म्हणाल्या, "आक्का, घाम येतोय, काय दिसत न्हाय." गडी म्हणाले, "लग्नात घालू." आठ दिवसांत सगळे गॉगल गायब. पुढं बाई एकदा इंदापूरला जाताना बाग बघायला थांबल्या. मी मोठ्या तोऱ्यात पुढं चालले होते. शेजारच्या मक्यात बुजगावणं उभं होतं, मडक्याचं डोकं, फाटका सदरा, आणि डोळ्यांवर आमचा गॉगल. बाई थांबल्या, टक लावून बघितलं आणि म्हणाल्या, "या तालुक्यात एकाच माणसाचे डोळे सुरक्षित आहेत." हे त्यांचं दुसरं हसू. पण या खेपेला चष्मा जागचा हलला नाही.

आता मोबाइल आल्यापासून तर विचारू नका. परवाच शेजारची सून कुठलासा व्हिडिओ बघून डोळ्यात कांद्याचा रस पिळायला निघाली होती. मी हातातून कांदा हिसकावला तर मला म्हणते, "आज्जी, तुमाला जुन्या माणसांना हे कळायचं न्हाय." मला! जिच्या फ्रिजमध्ये अख्खं औषधांचं दुकान होतं तिला! मी वस्तीवरच्या बाटल्या गोळा करते, पिशवीत भरते आणि बाईंना नेऊन देते. पोरं मला जप्तीवाली आज्जी म्हणतात. म्हणोत.

या उन्हाळ्यात तशीच एक पिशवी घेऊन इंदापूरला गेले. सिंधू बरोबर होती. बाईंचा तो इंदापुरातला शेवटचा मंगळवार. गुडघे साथ देत नाहीत, इथून पुढं बारामतीच, असं दारावर लिहून लावलं होतं. केस सगळे पांढरे, पायाखालचा पाट तोच. मी पिशवी उलटी केली. बाईंनी एकेक बाटली उचलून डब्यात टाकली. ठण्ण, ठण्ण. मग मला खुर्चीत बसवून दिवा लावला, कारण आता माझाच मोतीबिंदू पिकत आलाय.

"काय घातलं डोळ्यात?"

"काय न्हाय."

"काय घातलं?"

"काय न्हाय, बाई."

"काय घातलं?"

"देवाशपथ, काय न्हाय."

"काय घातलं?"

माझं डोकं फिरलं. अठरा वर्षांत मी त्या खुर्चीत एकदाही खोटं बोलले नव्हते. सबंध तालुक्याच्या बाटल्या वाहून आणते ती मी, आणि तरी मलाच चारदा?

"बाई, स्पष्ट बोलते, राग मानू नका," मी म्हटलं. "लोक म्हणत्यात, तुमाला ऐकाया येत न्हाय. मी म्हणते, ऐकाया येतं, पर भरवसा न्हाय. येकदा सांगितलं, दोनदा सांगितलं. त्या लोकांचं सोडा. मला तरी चार-चारदा का विचारता?"

बाईंनी दिवा बंद केला. हातातल्या टॉर्चमधले सेल काढून पर्समध्ये टाकले, पेनाला टोपण लावलं. दार उघडंच होतं. बाहेर बाकावर सिंधू थर्मासमधला चहा ओतत होती, कपाची कड सापडावी म्हणून एक बोट कपात घालून. बाई तिकडं बघत राहिल्या. मग माझ्याकडं न वळताच म्हणाल्या,

"त्या दिवशी तुम्हाला मी तीनदाच विचारलं होतं."